आमच्या घरातले अशासकीय सदस्य

राज्यातल्या कुठल्या महामंडळाच्या खुर्चीवरून उद्या कोण उठणार, हे खुद्द मंत्रालयाच्या आधी कळणारा एकच माणूस मी उभ्या जन्मात पाहिला, आणि तो कोपरला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायचा. माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. ठाण्याच्या एका कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ पीएच.डी. करायचे. विषय होता सरकारी मंडळांवरच्या राजकीय नेमणुका आणि त्यांचा कारभारावर होणारा परिणाम. माझ्या मुंजीच्या सुमारास हे संशोधन सुरू झालं आणि माझ्या लग्नातही ते चालूच होतं. दर वेळी प्रबंध संपत आला की सरकार पडायचं, नव्या नेमणुका व्हायच्या आणि काकांना पहिलं प्रकरण पुन्हा लिहावं लागायचं. सरकार पडल्याची बातमी ऐकून आमच्या घरी सगळ्यात आधी कुणाला रडू यायचं तर मावशीला.

लोक संशोधन करतात ते ग्रंथालयात बसून. काका सरकारी कचेऱ्यांत जाऊन बसायचे. काम काही नाही, कुणाला भेटायचं नाही, नुसतं अभ्यागतांच्या बाकावर बसायचं आणि अध्यक्षांच्या दालनाकडे बघत राहायचं. एकदा एका कचेरीत त्यांना चौकशी खात्याचा माणूस समजून सगळे इतके टरकले की जेवणाच्या सुट्टीतसुद्धा कुणी जागचं हललं नाही. जाताना हेडक्लार्कने हात जोडून विचारलं, "साहेब, काही राहिलं का आमचं?" काका म्हणाले, "नाही हो, फक्त पडदे बघत होतो." हेडक्लार्क बिचारा आठवडाभर झोपला नसेल. पण काका खरंच पडदे बघायचे! नवा अध्यक्ष आला की पहिला हुकूम पडदे बदलायचा सुटतो आणि अध्यक्षाची खुर्ची डळमळू लागली की त्याच्या दालनाचे धुवायला गेलेले पडदे धोब्याकडून परत येत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत होता. प्रबंधाचं तिसरं प्रकरण संपूर्ण त्यावर होतं. कचेरीतून निघाले की थेट नौपाड्यात आमच्याकडे यायचे. वडील दारातच विचारायचे, "काय म्हणतात पडदे?" काका चप्पल काढता काढता म्हणायचे, "उतरलेत. गेला हा माणूस." आणि हसू नका, पुढच्या आठवड्यात तो माणूस गेलेला असायचा.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण त्यांना जगात जिकडेतिकडे राजकीय नेमणुकाच दिसायला लागल्या. सोसायटीचा सेक्रेटरी, गणपतीतला खजिनदार, कुणी म्हणून सुटलं नाही. माझ्या लग्नात जिलबीचा आग्रह करायला आमच्या आत्याच्या यजमानांना पुढे केलं होतं. ते रुसतील म्हणून, दुसरं काय! काका पानावरून मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, नातं बघून पद दिलंय. या गृहस्थांना आत जिलबी किती शिल्लक आहे याची सुतराम कल्पना नाही." आत खरंच जिलबी संपली होती. आत्याचे यजमान पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. मावशीने मटार महाग आणले की ते तिला शांतपणे सांगायचे, "तुझी नेमणूक गुणवत्तेवर झालेली नाही." मावशी म्हणायची, "तुमची तरी कुठे झालीय? बाबांनी पसंत केलं म्हणून आहात."

अशा थाटात सगळी प्रकरणं लिहून झाली आणि गाडं शेवटच्या प्रकरणावर अडलं. पद गेल्यावर माणसाला काय वाटतं, असा त्याचा विषय होता. काकांनी जिल्ह्यातल्या यच्चयावत माजी अध्यक्षांच्या आणि माजी सदस्यांच्या घरी जाऊन चहा ढोसला. पद का घेतलंत, तर लोकसेवेसाठी. गेल्यावर काय वाटलं, तर सुटलो बुवा एकदाचा! काका वैतागून म्हणायचे, "अरे, सगळेच सुटले, तर पुन्हा अडकायला धावतात कशाला? खोटं बोलतात लेकाचे." पण त्यांचे गाईड कडक. निवृत्तीला आले होते, तरी म्हणायचे, "खोटं बोलतात म्हणता ना? पुरावा आणा, मग लिहा."

आणि एका रविवारी सकाळी काकांचा एक जुना विद्यार्थी हार घेऊन दारात उभा. वर्गात कायम मागच्या बाकावर असायचा, आता पुढारी झाला होता. त्यात नुकतंच सरकार बदललं होतं. "सर, तुमचं नाव घातलंय," म्हणाला. "खाडीकाठ मत्स्य सल्लागार मंडळ. अशासकीय सदस्य. एक शिकलेला माणूस लागतो, फोटोत बरं दिसतं." मावशी हबकलीच. "अरे बाबा, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही!" तो म्हणाला, "काकू, खायचं कुठाय? सल्ला द्यायचाय फक्त." ज्या प्रकारच्या नेमणुकीवर काकांनी आयुष्यभर ताशेरे ओढले, ती नेमणूक हार घालून समोर उभी राहिली आणि काका काय म्हणाले असतील? म्हणाले, "शेवटच्या प्रकरणासाठी घेतो." गाईडनी कपाळावर हात मारला. "घ्या, पण कुठे बोलू नका. बाहेरच्या परीक्षकाला कळलं ना, तर तो म्हणेल, हा निरीक्षक कसला, हा तर लाभार्थी. पदवी जाईल तुमची!"

निरीक्षणासाठी गेलेला माणूस पंधरवड्यात इस्त्रीचा सदरा घालायला लागला. स्टेशनवरून नौपाड्यात चालत येणारे काका रिक्षाने यायला लागले. आवाजात एक खर्ज आला. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत म्हणे त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पडदे जरा जुने झालेत," आणि स्वतःच दचकून गप्प बसले. आम्ही हसून हसून मेलो. पण सकाळी कोपरच्या त्या ब्लॉकमध्ये माणसं यायला लागली होती, आणि काका अंघोळ करून, गंध लावून त्यांची वाट बघत बसायचे. खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या एक आजी तर नेमाने यायच्या. त्यांच्या मासळी सुकवायच्या जागेवर कुणीतरी मातीचा भराव टाकला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी मासली खात नाय, मंग आमचं गाऱ्हानं तुमाला कसं कललं?" काका म्हणाले, "आजी, म्हणूनच तर मला नेमलंय. रीतच आहे तशी." पण त्या आजींसाठी त्यांनी ठाण्याच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, हेही खरं. भरावाची पाहणी करायला अधिकारी येणार असं ठरलंसुद्धा.

आणि सरकार पडलं. सगळ्या राज्याच्या नेमणुकांची नाडी ओळखणाऱ्या काकांना स्वतःची नेमणूक रद्द झाल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. आम्ही भेटायला गेलो तर हसत होते. "सुटलो बुवा! आता प्रबंध पुरा करतो," म्हणाले. आणि केलाही. शेवटच्या प्रकरणात ठासून लिहिलं, की सुटलो म्हणणारे खोटं बोलतात. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही.

खुली तोंडी परीक्षा कॉलेजच्या हॉलमध्ये होती. मी मावशीला घेऊन मागे बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक भलतेच चिकित्सक निघाले. सगळं कौतुक करून झाल्यावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं. "एवढी माणसं सुटलो म्हणतात आणि तुम्ही म्हणता खोटं. कशावरून? पुरावा कुठे आहे?" गाईड काकांकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवत होते. काका पाणी प्यायले. मला वाटलं, देतील काहीतरी गोल उत्तर. म्हणाले, "पुरावा मी आहे, सर. मी मत्स्य मंडळावर होतो. प्रबंधात लिहिलं नाही, कारण पदवी जाईल अशी भीती होती." काका बोलतच राहिले. "मीही घरी सुटलो म्हणून सांगितलं. पण मला फार वाईट वाटलं, सर. पद आवडलं होतं मला. सकाळी कुणीतरी आपली वाट बघत येतं, हे आवडलं होतं. मग कुणी येईना. एक आजी तेवढ्या आल्या, म्हणाल्या, आता कोनाकरं जाऊ? त्यांच्या भरावाची पाहणी राहूनच गेली होती. तरी रोज अंघोळ करून बसायचो. पुढे शेजारपाजारचे एकेक जण येऊ लागले, कुणाला अर्ज लिहून हवा, कुणाला सही. म्हणून निभावलं, नाहीतर कठीण होतं."

माझ्या शेजारी मावशी पदराने डोळे पुसत होती. मी हात धरला तर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मीच पाठवते रे त्या शेजाऱ्यांना. दार वाजेपर्यंत हे जेवायचे नाहीत. तू बोलू नकोस हं कुठे." आता दोघंही नाहीत, म्हणून सांगतो आहे.

परीक्षकांनी चष्मा काढला आणि समोरचा प्रबंध मिटून ठेवला. मग म्हणाले, "हे एवढं प्रबंधात घाला. मगच सही करतो." काका बाहेर आले तेव्हा डॉक्टर झाल्यातच जमा होते. गाईडनी पाठ थोपटली आणि काका तिथेच उभे राहून मला नव्या प्रकरणाचे मुद्दे समजावून सांगायला लागले. मावशी पुढे झाली.

"अहो, चला आता. सकाळी माणसं यायचीत तुमच्याकडे."

"हो, हो, खरंच की," म्हणत काका लगबगीने निघाले.