प्रार्थनेचा विषय

आमच्या सभेत एक रीत होती. गाणी झाली, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायच्या साक्षी झाल्या, की पास्टर विचारायचे, कोणाचा प्रार्थनेचा विषय आहे का? ज्याचा असेल त्यानं उभं राहून सांगायचं, अन् मग साऱ्यांनी डोळे मिटून मोठ्यानं, एकदमच प्रार्थना करायची. विषय कसाही असो, नाही म्हणायची सोय नव्हती. दूध न देणाऱ्या म्हशीसाठीसुद्धा आम्ही प्रार्थना केलेली आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवत होते, आई माझ्यापाशी राहायची. बाबा गेल्यावर ती एका शेजारणीसोबत या सभेला जायला लागली, अन् तिच्यामागे मी. दर रविवारी बसनं सौंसरला जायचो, एका विश्वासी भावाच्या, म्हणजे सभेतल्याच एकाच्या घरी, मोठ्या खोलीत खाली अंथरलेल्या दरीवर बसायचो. खोटं कशाला बोलू, मला तिथं बरं वाटायचं. येशूच्या सभेला जातो म्हणून नातलगांनी लग्नकार्याला बोलावणं बंद केलं होतं. आईचा पाय मोडला तेव्हा याच बायांनी घरी येऊन भाकरी टाकल्या.

आईला साखरेचा आजार. इन्शुलिनची सुई मीच द्यायची. काचेची पिचकारी उकळायची, औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या रेतीत ठेवायची. संत्र्याला टोचून टोचून हात बसवला होता मी.

मग बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला. आई रडली, अन् साक्षीला उभी राहून म्हणाली की प्रभूनं मला बरं केलं. टाळ्या, हालेलूया. झालं! दुसऱ्या दिवसापासून सुई बंद. साक्ष दिल्यावर सुई घेतली तर साक्ष खोटी पडते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मी हातापाया पडले, भांडले, भांडी आपटली. पास्टरांकडे गेले तर ते म्हणाले, औषध सोडा असं आपण कोणालाच सांगत नाही, पण बहिणीच्या विश्वासाच्या आड कसं यायचं? असा संताप आला मला! कोणी काही सांगितलं नव्हतं, अन् माझी आई मात्र डोळ्यांदेखत वाळत चालली होती. तांब्यावर तांबे पाणी पिऊन राहिली होती. डॉक्टरांनी मला स्पष्टच सांगितलं, अशीच राहिली तर बेशुद्ध पडेल अन् मग हाती लागणार नाही.

त्या रविवारी ती बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकूनच आली. उकळलेल्या पिचकारीची डबी अन् बाटली माझ्या पिशवीत होती. पास्टरांनी विषय विचारले तेव्हा मी उभी राहिले.

"माझ्या आईनं आज सुई घ्यावी, यासाठी प्रार्थना करा," मी म्हणाले.

पास्टर माझ्याकडे पाहत राहिले. आईनं माझा पदर खाली ओढला, बस म्हणून. मी बसले नाही. मनात म्हटलं, आता नाही म्हणून दाखवा. शेवटी मागून एका म्हाताऱ्या बाईनं सुरू केलं, "बापा, या माउलीले सुई घेऊ दे." मग तिच्या बाजूची, मग पुरुषांकडचेही बोलू लागले, अन् सारी खोली दणाणली. पास्टरांना आमेन म्हणावंच लागलं.

एवढ्या लोकांची प्रार्थना मोडायची आईची छाती नव्हती, हे मला ठाऊक होतं. आतल्या खोलीत तिनं मुकाट्यानं पोलक्याची बाही वर केली. दंडावर मांसच उरलं नव्हतं, टोचायला जागा शोधावी लागली. मी औषध हळूहळू आत सोडत होते, ती भिंतीकडे पाहत होती.

"मी बरी झाली होती," ती म्हणाली. "साऱ्यांसमोर तुनं मले बिमार केलं."