काकांच्या ताडपत्र्या

जगातली निम्मी दुःखं ताडपत्री नीट न बांधल्यामुळे होतात, असं मानणारे एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटले, आणि ते नेमके माझे चुलतसासरे निघाले. अंजनगाव सुर्जीजवळ त्यांची शेती. मुलगी पाहायला गेलो तेव्हा भर उन्हाळ्यात मोटारसायकल, कूलर, सरपण, बाज, सगळं निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांखाली. मुलगी तरी बाहेर काढून दाखवतील ना, अशी मला शंका आली.

पुढे ते अकोल्याला आमच्याकडे यायचे ते ताडपत्री घ्यायला. पुतणीची भेट हे वाटेतलं काम. दुकानात ते ताडपत्री उन्हात धरत, कोपरा नखानं खरवडत, कड्या ओढत, शेवटी हुंगत. आम्ही माझ्यासाठी स्थळं पाहताना एवढी चौकशी केली नव्हती. एकदा तर चौघांना चार कोपरे धरायला लावून त्यांनी मधे बादलीभर पाणी ओतलं. थेंब गळला नाही, पण माझ्या हातून कोपरा सुटला आणि दुकानदाराची गादी भिजली. काका शांतपणे म्हणाले, "ताडपत्री पक्की हाये शेटजी, जवाईच कच्चा हाये."

ती ताडपत्री काकांच्या घरी गेली आणि कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर बसली. उन्हात ती तडकेल, पावसात चिखलानं माखेल, हिवाळ्यात उंदीर कुरतडतील, म्हणून वापरायची नाही. मग आणली कशाला, असं विचारलं तर म्हणाले की वेळ आली की दिसेल.

वेळ दिवाळीच्या तोंडावर आली, आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा. कापलेल्या सोयाबीनची गंजी शेतात रचलेली, मळणीयंत्र दोन दिवसांनी यायचं, आणि भरदुपारी चिखलदऱ्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं. काका माळ्यावर चढले, ती ताडपत्री खांद्यावर टाकून निघाले, मी मागे. ते आमची गंजी ओलांडून सरळ शेजारच्या शेतात शिरले. त्या शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, त्यांचा अकरा वर्षं अबोला होता. तो बायकोला घेऊन अमरावतीला दवाखान्यात होता. पाणी साचू नये म्हणून माथा उंच ठेवून, कडांवर दगड ठेवून काकांनी त्याची गंजी झाकली. आमच्या वाट्याला ठिगळांच्या जुन्या ताडपत्र्या आल्या, आणि खालची चांगली हातभर गंजी भिजली. मी काहीशा रागानंच विचारलं, की हे काय केलंत?

"आपल्या गंजीपाशी आपन हावो," ते म्हणाले. "त्याच्या गंजीपाशी कोन हाये?"

चौथ्या दिवशी शेजारी ताडपत्री धुऊन, वाळवून घेऊन आला. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काढलं, "घडी चुकली." मग दोघं अंगणात समोरासमोर कोपरे धरून उभे राहिले आणि काकांनी त्याला घडी घालायला शिकवली. एका घडीला अर्धा तास लागला. मधल्या वेळात त्यांनी त्याच्या बायकोची तब्येत विचारली.

आता शेती ठोक्यानं, वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिली आहे. काका अमरावतीत मुलाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. तिथं झाकण्यासारखं काही नाही. पण ढग आले की त्यांचा मला कचेरीत फोन येतो, "जवाई, तिकडं आभाळ कसं हाये?" मी हातातलं काम टाकून बाहेर येतो, वर पाहतो आणि सांगतो. मोकळं आहे म्हटलं की ते बरं म्हणतात, पण फोन काही लगेच ठेवत नाहीत.