नदीचा डावा काठ

मायेन नदीवर ला रूसियेरच्या बांधापाशी गिलेन उदायेर एकतीस वर्षं बोटी चढवत-उतरवत आली होती. बांधाला लागून एक दगडी हौद, त्याच्या दोन्ही टोकांना जाडजूड दारं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या झडपा उघडून हौद भरायचा, की बोट वरच्या पातळीला. काम म्हटलं तर एवढंच. पण हौदात शिरलेल्या माणसाला ते एवढंच वाटत नसे, कारण झडपांबरोबर गिलेनच्या तोंडाचा पट्टाही सुटायचा. दोरी कशी बांधलीत, काठी कुठे खुपसताय, कुत्र्याला आत घ्या, आणि बाईसाहेब, तुम्ही सेल्फी नंतर काढा.

तिचा खास राग डाव्या-उजव्यावर होता. नदीवर जगणाऱ्या माणसांना डावा काठ एकच: नदी जाते तिकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला येतो तो. तुम्ही वर जा, खाली जा, पाठमोरे बसा, काठ काही जागचा हलत नाही. शहरातून आलेल्यांना हे कळत नसे आणि गिलेन ते त्यांना कळेपर्यंत सोडत नसे. ‘‘नदीला तोंड आहे ना? मग तिचा डावा हात कुठला ते तिला विचारा, मला नको,’’ असं ती चारचौघांत सुनावायची. गावच्या कॅफेत काठावरून वाद झाला तर तिलाच फोन यायचा, आणि ती सांगेल ते शेवटचं असे.

नवरा जेर्व्हे चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, त्रेसष्टचा. साखरेचा आजार जुना, रोज इन्सुलिन. डॉक्टरांनी हालचाल करा म्हणून सांगितलं, तर या गृहस्थाने खडीवर चालवायची जाड चाकांची लाल सायकल घेतली. हौदापासून खाली ला वेरीच्या पुलापर्यंत नऊ किलोमीटर उजव्या काठाने ओढवाट जाते. पूर्वी घोडे तिच्यावरून बोटी ओढत न्यायचे. आता तिथे मोटार नाही, स्कूटर नाही, चाकाखाली खडी वाजते तेवढाच आवाज. पलीकडच्या डाव्या काठाला जंगलातली वाट. जेर्व्हे रोज जायचा, कधी या काठाने, कधी पूल ओलांडून त्या, लहर येईल तसा.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी दोघांचं वाजलं. कारण नेहमीचंच, सायकल.

‘‘काल आलास तर गुडघा सोललेला,’’ गिलेन म्हणाली. ‘‘आज काय सोलून आणणार?’’

‘‘तुझ्या जिभेने सोलतं त्यापेक्षा कमीच,’’ जेर्व्हे म्हणाला.

‘‘मग जा, खडीच खा जा.’’

इन्सुलिन टोचून झालं होतं. लोणी लावलेला पाव त्याने अर्धा खाल्ला, उरलेला तसाच ताटलीत टाकला, आणि दार आपटून गेला. गिलेनने ताटली पाहिली, पण तेवढ्यात खालून बोटीचा भोंगा वाजला. ती गेली.

बोट भाड्याची होती. आत गेंटहून आलेलं एक म्हातारं जोडपं, पहिल्यांदाच सुकाणू धरलेलं. भीतीने त्यांनी बोट दोन्ही भिंतींना दोन दोऱ्यांनी बांधून घेतली. गिलेनने मागचं दार लावलं आणि वरच्या झडपा उघडल्या. पाणी घुसळत आत येऊ लागलं. तेवढ्यात हौदाशेजारच्या तिच्या खोलीतला फोन वाजला. नदीकाठच्या पाट्यांवर तोच नंबर होता.

‘‘मादाम, मी सायकलवाला बोलतोय. इथे एक जण पडलाय.’’ आवाज तरुण, धापा टाकणारा, मध्येमध्ये तुटणारा. ‘‘पांढरी दाढी आहे. प्यायल्यासारखं बरळतोय, जवळ गेलं की ढकलतो.’’

‘‘सायकल कुठली?’’ गिलेनने विचारलं. ‘‘सायकल कुठल्या रंगाची?’’

‘‘लाल. मी तुमच्याकडेच येत होतो, चारेक किलोमीटर राहिले असतील. डावा काठ, मादाम. डाव्या...’’

फोन तुटला. तिने परत लावला, लागला नाही. त्या खोलगट भागात नेटवर्क असंच.

जेर्व्हे प्यायला नव्हता, हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. साखर उतरली की तो असाच बरळायचा, अंगावर यायचा, आणि मग गप्प व्हायचा. गप्प झाला की वेळ उरत नाही. तिने अग्निशमनवाल्यांना फोन लावला. ला वेरीची तुकडी स्वयंसेवकांची. बेकरीवाला फुयेल त्यांचा कप्तान, रुग्णवाहिकेचं कामही तेच करायचे.

‘‘माझा नवरा आहे, साखर उतरलीये. ला रूसियेरच्या खाली चार किलोमीटर.’’

‘‘कुठला काठ?’’ नियंत्रण कक्षातल्या बाईने विचारलं.

‘‘डावा.’’

‘‘नक्की ना, मादाम? पुलाशी गाडीला एकच बाजू धरावी लागेल.’’

‘‘मला विचारताय?’’ गिलेन म्हणाली. ‘‘डावा.’’

फोन ठेवून ती बाहेर आली. हौद अर्ध्यावर भरला होता, आणि गेंटचा म्हातारा घाबरून ओरडत होता, कारण बोट वर चढताना एका बाजूची दोरी ताणली जाऊन ती कलायला लागली होती.

‘‘डावीकडची दोरी सैल करा!’’ गिलेन ओरडली.

म्हाताऱ्याने लगबगीने दोरी सोडली. भलतीच. बोटीने भिंतीला धक्का दिला आणि म्हातारी किंचाळली.

‘‘अहो, डावीकडची म्हटलं ना मी! डावी...’’

म्हातारा वरच्या दाराकडे, पाण्याच्या उलट्या दिशेला तोंड करून उभा होता. त्याने स्वतःच्या डाव्या हाताची दोरी सोडली होती. आणि फोनवरचा तो पोरगा म्हणाला होता, मी तुमच्याकडेच येत होतो. खालून वर. म्हणजे त्याचा डावा हात या काठाला. उजव्या. ओढवाटेच्या.

गिलेन खोलीत धावली. तिने पुन्हा फोन उचलला.

‘‘गाडी जंगलात शिरली, मादाम,’’ तीच बाई म्हणाली. ‘‘आत वायरलेस लागत नाहीये. लागला तरी मागे फिरून पुलावरून यायचं म्हणजे अर्धा तास.’’

अर्धा तास जेर्व्हेपाशी नव्हता.

एकतीस वर्षांत हौदात बोट असताना गिलेन तिथून दूर गेली नव्हती. तिने झडपा बंद केल्या, म्हाताऱ्याने सोडलेली दोरी स्वतः बांधली, दुसरी सैल केली, आणि बोट अर्ध्यात ठेवून म्हणाली, ‘‘हलू नका. मी येते.’’

‘‘केव्हा?’’ म्हातारीने विचारलं. गिलेन घराकडे पळाली. घरातून मधाची बाटली आणि सफरचंदाच्या रसाची बाटली तिने टोपलीत टाकली, पाव आणायला न्यायची आपली जुनी सायकल काढली आणि ओढवाटेला लागली.

खडीवर ती सायकल नुसती थडथडत होती. पुराने वाहून गेलेल्या जागी नवी खडी टाकली होती, तिथे चाक रुतलं आणि गिलेन हातांवर पडली. उठली, बाटल्या फुटल्या नाहीत हे पाहिलं, पुन्हा बसली. एकही गाडी नाही, एकही माणूस नाही, दोन्ही बाजूंना शांत उभी पॉपलरची झाडं. लोक या शांततेसाठी कुठून कुठून येतात, आणि त्या घडीला गिलेनला ती शांतता नकोशी झाली. तिला एक मोटार हवी होती, एक ट्रॅक्टर, कुणीही.

दुसऱ्या किलोमीटरला तिला पलीकडच्या झाडांतून लाल गाडी दिसली. शोधत शोधत सांगितलेल्या जागेच्याही वर आली होती, हळूहळू जात होती. तीन माणसं पायी पुढे चालत हाका मारत होती.

‘‘फुयेल!’’ ती जिवाच्या आकांताने ओरडली. ‘‘इकडे! या काठाला!’’

नदी तिथे रुंद होती, शब्द पलीकडे पोचेनात. फुयेलने पाहिलं, हात उंचावून हलवला. काळजी करू नका, आम्ही आहोत, असा. आणि झाडांत दिसेनासा झाला.

गिलेनने सायकल थांबवून पाय टेकला. आपण आता चुकत असलो तर? तिकडे तीन माणसं आहेत, औषध आहे, गाडी आहे. इकडे ती एकटी, एका तर्काच्या भरवशावर. तासाभरापूर्वी तिला काठाबद्दल कुणी विचारलं असतं तर ती हसली असती. तिने पॅडल मारलं, कारण थांबणं त्याहून वाईट होतं.

तिसऱ्या किलोमीटरनंतर वळण आलं आणि वाटेवर दोन सायकली आडव्या दिसल्या, एक लाल. पोरगा गुडघ्यांवर बसला होता, त्याचं जाकीट जेर्व्हेच्या अंगावर होतं.

‘‘पाच मिनिटांपूर्वीपर्यंत शिव्या देत होता,’’ पोरगा म्हणाला. ‘‘आता बोलतच नाहीये.’’

जेर्व्हे घामाने थबथबला होता. डोळे उघडे, पण कुणाला बघत नव्हते.

‘‘कुशीवर कर त्याला,’’ गिलेन म्हणाली. ‘‘डोकं धर. रस नको, ठसका लागेल.’’

तिने बोटावर मध घेतला आणि त्याच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळला. त्याने दात आवळले, बोट चावलं. तिने काढलं नाही. पुन्हा मध, पुन्हा हिरडी. ‘‘चाव, मेल्या, चाव,’’ ती म्हणत होती, ‘‘चाव, पण गिळ.’’ बोटातून रक्त आलं. पाव अर्धा टाकून गेला तेव्हा एक हाक मारली असती तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. मग जेर्व्हेने गिळलं, आणखी एकदा गिळलं. पापण्या हलल्या.

‘‘कोण बोंबलतंय एवढं?’’ तो पुटपुटला.

‘‘मी,’’ गिलेन म्हणाली आणि रसाची बाटली त्याच्या ओठांना लावली.

कक्षाचा निरोप अखेर मिळून फुयेलची माणसं पुलावरून फिरून पोचली तेव्हा जेर्व्हे झाडाला टेकून बसला होता. त्यांनी साखर तपासली, रक्तदाब घेतला, हॉस्पिटलात न्यायचंच ठरवलं. फुयेलने गाडीच्या बॉनेटवर अहवालाचा कागद ठेवला. तो मनातून हादरला होता आणि हादरलेला माणूस कुणाला तरी धरतो.

‘‘काय रे,’’ तो पोराला म्हणाला, ‘‘डावा काठ म्हणून कुणी सांगितलं? या नदीवर येता तर एवढं तरी शिकून या. अर्धा तास गेला तुझ्यामुळे. माणूस गेला असता.’’

पोराचं तोंड उतरलं. ‘‘माझंच चुकलं असेल,’’ तो म्हणाला. ‘‘सॉरी, मादाम.’’

फुयेल लिहू लागला. गिलेनने पाहिलं, पोरगा जाकिटाशिवाय थरथरत होता, ते मागायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं.

‘‘फुयेल, ते खोड,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘त्याने जे सांगितलं ते त्याच्या जागी बरोबर होतं. ‘तू कुठून कुठे चाललायस?’ एवढं मी त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. डावा काठ मी सांगितला. कक्षातल्या बाईने नक्की ना म्हणून विचारलं, तिलाही मीच गप्प केलं.’’

‘‘मादाम गिलेन, तुम्ही? काठाच्या बाबतीत?’’ फुयेलचं पेन थांबलं. ‘‘घाबरलेल्या माणसाकडून होतं असं. कशाला लिहायचं?’’

‘‘मी घाबरले नव्हते तेव्हा,’’ गिलेन म्हणाली. ‘‘मला खात्री होती. तसंच लिही.’’

फुयेलने कागद पुन्हा पुढे ओढला. स्ट्रेचरवरून जेर्व्हे तिच्याकडे बघत होता. चाळीस वर्षांच्या संसारात आपण चुकलो अशी कबुली तिच्या तोंडून त्याने ऐकली नव्हती, आणि ऐकल्यावर त्याला काही चेष्टा सुचली नाही. त्याने नुसता हात पुढे केला. गिलेनने आपला चावलेला हात त्यात दिला आणि फुयेल लिहून पुरं करेपर्यंत तशीच उभी राहिली.