खिळा न ठोकलेली भिंत

त्या घराच्या भिंतींना एकही खिळा नव्हता. घड्याळ कपाटावर मागे टेकून बसलेलं, कॅलेंडर टेबलाच्या काचेखाली आडवं पडलेलं, कपडे लाकडी घोडीवर. नवा पाहुणा छत्री अडकवायला भिंतीवर हात फिरवू लागला की घरची बाई सांगायची, "अडकवायचीच असेल तर यांच्या नाकाला अडकवा. भिंतीच्या वाटेला जाऊ नका."

'हे' म्हणजे आरसेवाले. जन्मभर गिलाव्याचं काम केलं. हात असा की सोबतचे गवंडी म्हणायचे, याच्या भिंतीत तोंड बघून दाढी करावी. त्यावरून नाव पडलं आणि चिकटलं. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा काम सुटलं, पण तळहाताची खोड सुटली नाही. कुणाकडेही गेले की आधी भिंतीवरून हात फिरवायचा आणि मग नाक मुरडायचं.

शहरातल्या कितीतरी बंगल्यांना या माणसाने रूप दिलं. वास्तुपूजेचं बोलावणं राहू द्या, एकाही मालकाने पाणी तरी नीट विचारलं नाही. पण त्याचं दुःख आरसेवाल्यांना कधी नव्हतं. दुःख वेगळंच होतं. विटांवर आधी लोखंडी जाळी ठोकून वर गिलावा केला तर भिंतीला तडा जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि ठेकेदार ते करू देत नसे. "आत काय आहे ते कुणाच्या बापाला दिसणार आहे?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. असे ठेकेदार अजून पैशाला पासरी मिळतात. तर आरसेवाल्यांनी स्वतःचं घर बांधलं तेव्हा सगळा राग तिथे काढला. आतल्या खोलीच्या चारही भिंतींना त्यांनी स्वतःच्या हाताने जाळी ठोकली, वाळवीची कटकट नको म्हणून दारही जाड पत्र्याचं बसवलं, आणि गिलावा असा चढवला की आजतागायत केसाएवढी रेघ उमटलेली नाही. अशा भिंतीत खिळा? आधी माझ्या छातीत ठोका, म्हणाले असते.

आता या घरात सून आली ती हातांनी बोलणारी. म्हणजे हातघाईवर येणारी नव्हे, वेळ पडली तर तेही करायची. पण तिचं काम ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी हातांच्या खुणांनी बोलायचं. तिचा सख्खा भाऊ जन्मतः बहिरा, त्याच्यामुळे लहानपणापासून हात चालायला लागले ते थांबलेच नाहीत. पुढे रीतसर परीक्षा दिली, आणि आता दुकानातली काउंटरची नोकरी सोडून तिने दुभाष्याचं काम धरलं होतं. एका इस्पितळात बहिरा पेशंट आला की तिथला पडदा उजळायचा, इकडे घरात हिच्या लॅपटॉपवर डॉक्टर आणि पेशंट दोघे दिसायचे. डॉक्टर तोंडाने सांगणार, ही हातांनी सांगणार, पेशंट हातांनी विचारणार, ही तोंडाने विचारणार. काम अजून कच्चं होतं. या महिन्यात निभावलं तर पक्कं, नाहीतर नारळ.

आणि निभत नव्हतं. चित्र मध्येच गोठायचं. बोलण्यातला एखादा शब्द गाळला तरी माणूस अंदाजाने जुळवून घेतो. हात हवेत अर्धवट थिजला तर त्याला अर्थच नाही, नुसता हात.

एका गरोदर बाईच्या वेळी तर कहरच झाला. डॉक्टर म्हणाले, ही गोळी आजपासून घेऊ नका. सुनेने गोळी दाखवली, आजपासून दाखवलं, आणि चित्र गोठलं. पलीकडे ती बाई मान डोलवत होती. गोळी, आजपासून. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी कागदावर लिहून दाखवलं म्हणून बरं. पण त्या दिवशी सून लॅपटॉप मिटून आतल्या खोलीतून बाहेर आली. "आई," ती सासूला म्हणाली, "आज माझ्यामुळे कुणाचं तरी वाटोळं झालं असतं."

मुलगा दिवसभर बस चालवायचा. राउटर त्यानेच आणला होता, बाहेरच्या खोलीत ठेवला होता. "हल्ली वायर कोण लावतं? सगळं वायफायवर चालतं," हे त्याचं ज्ञान जाहिरातीतून आलेलं. जाहिरातीतल्या घरांना भिंती असतात, पण त्या कुणी बांधलेल्या नसतात. मग राउटरची वरात सुरू झाली. फ्रिजवर ठेवला, खिडकीत ठेवला, उभा केला, आडवा केला. सासूबाई म्हणाल्या, "त्याला कडेवर घेऊन फिरू का आता?"

सून म्हणाली, "आपण वायर ओढून घेऊ. भिंतीतून एक छोटं भोक, बास."

आरसेवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सूनबाई, जे हवेतून येतं त्याला भोक कशाला लागतं?"

"बाबा, ते येतच नाहीये ना."

"मग जास्तीचं मागव. कंपनीला फोन कर. माझ्या भिंतीने काय घोडं मारलंय?"

कंपनीला फोन झाला, वेग वाढवून झाला. बाहेरच्या खोलीत मुलाचे व्हिडिओ सुसाट पळू लागले. आत सुनेचे हात तसेच गोठत राहिले. बाहेर बसून काम करावं तर बाहेरची खोली म्हणजे रस्ताच. दूधवाला, भाजीवाली, शेजारीण, सगळ्यांची ये-जा तिथूनच.

शेवटी एका सकाळी सुनेने कुणाला न विचारता वायरवाल्याला बोलावलं. तरणा, चटपटीत माणूस, खांद्यावर वायरचं वेटोळं आणि हातात ड्रिल मशीन. मशीन बघताच आरसेवाले भिंतीला पाठ लावून उभे राहिले, जणू घरावर मोर्चाच आला.

"काका, आधी बघू तर द्या," वायरवाला म्हणाला. हातातला मोबाइल पुढे धरून तो बाहेरच्या खोलीत फिरला. रेंज फुल्ल. आतल्या खोलीत पाऊल टाकलं, रेंज पडली. बाहेर आला, फुल्ल. आत गेला, बोंब. दार लावून पाहिलं, साफ मेली.

"काका, या भिंतीत काय पुरलंय? तिजोरी?"

"जाळी आहे," आरसेवाले छाती काढून म्हणाले. "चारही भिंतींना. लोखंडी. स्वतः ठोकलीय."

वायरवाल्याने मोबाइल खिशात टाकला. "संपलं मग. लोखंडाची जाळी वायफाय अडवते. वर दारही पत्र्याचं. तुम्ही खोली नाही बांधली काका, पिंजरा बांधलाय."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ती पोरगी इतके दिवस पिंजऱ्यात बसून हाका मारत होती."

आरसेवाल्यांचा चेहरा पडला, पण हार मानतील तर ते कसले. "दुसरा डबा आण. या दारात ठेव. मग?"

वायरवाल्याने गाडीतून दुसरा राउटर आणला, बाहेरच्या खोलीतून वायर आणून उंबऱ्याशी जोडला. दार उघडं ठेवलं. सुनेच्या पडद्यावर चित्र झुळझुळ वाहायला लागलं. आरसेवाल्यांनी सगळ्यांकडे असं पाहिलं, जसं वायफायचा शोध त्यांनीच लावला.

"दार बंद करावं लागतं, बाबा," सून म्हणाली.

"का? तू तर फारसा आवाजही करत नाहीस."

"म्हणूनच. आवाज हळू करता येतो, हात कसे हळू करू? बाईला कुठे गाठ आलीय, कुठून रक्त जातंय, ते मी उघड्या दारात बसून दाखवू? भाजीवाली बघत उभी राहील."

आरसेवाल्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. वायर दाराखालून न्यायची तर पत्र्याचं दार उंबऱ्यावर असं घट्ट बसायचं की वायर कापलीच जाणार. आतल्या खोलीची खिडकी शेजाऱ्यांच्या अंगणात उघडायची, आणि ते शेजारी आपल्या हद्दीत उन्हाची तिरीपसुद्धा विचारल्याशिवाय येऊ न देणारे. राहता राहिली भिंत.

"तुमचं तुम्ही बघा," असं म्हणत आरसेवाल्यांनी चपला घातल्या आणि तरातरा निघून गेले.

"झालं," सून म्हणाली. "आता जेवणार नाहीत."

"न जेवायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांचा राग पायात असतो, पोटात नसतो. येतील."

आरसेवाले कोपऱ्यावरच्या वखारीपर्यंत गेले. तिथल्या कठड्यावर बसले. समोरच्या नव्या इमारतीच्या भिंतीला पहिल्याच वर्षी तडे गेले होते, ते बघत बसले. एरवी असा तडा दिसला की त्यांना आतून गुदगुल्या व्हायच्या. आज झाल्या नाहीत. आत काय आहे ते कुणाला दिसणार, म्हणणाऱ्या ठेकेदाराशी ते जन्मभर भांडले होते. जे दिसत नाही तेच पक्कं हवं, हा त्यांचा हट्ट. आणि त्यांची सून दार लावून, कुणाला न दिसता, जे काम करत होती ते असं ठिसूळ राहिलं होतं. वरून गुळगुळीत, आत काही नाही. भिंत शाबूत ठेवून त्यांनी पोरीच्या कामाला तडा जाऊ दिला होता. स्वतःचाच राग आला त्यांना. उठले ते थेट हार्डवेअरच्या दुकानात.

परत आले तेव्हा वायरवाला वेटोळं गुंडाळून निघायच्या बेतात होता. आरसेवाल्यांच्या हातात प्लास्टिकच्या पाइपाचा वीतभर तुकडा होता.

"मशीन ठेव खाली," ते म्हणाले.

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"तुझ्या त्या दोन मिनिटांत माझी अख्खी भिंत हादरेल. हे माझं काम आहे. पोरी, माळ्यावरची पिशवी काढ."

सुनेने पिशवी काढली. छिन्नी, हातोडी, पक्कड, थापी. सगळं तेल लावून ठेवलेलं. आरसेवाले गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसले. भिंतीवरून तळहात फिरवला, जागा ठरवली, पेन्सिलने बोटाएवढा गोल काढला. मग बराच वेळ छिन्नी नुसती टेकवून बसले.

"मारा की," सासूबाई म्हणाल्या. पण टोमण्याचा आवाज नव्हता तो.

पहिल्या ठोक्याला कपची उडाली. हळूहळू गिलावा सुटला आणि आत जाळी दिसली. गंजाचा एक ठिपका नाही. "बघ," ते वायरवाल्याला म्हणाले, "बघून ठेव. असं काम आता बघायला मिळणार नाही." आणि पकडीने एकेक तार स्वतः तोडली. वायरवाला पाइप धरून बसला. भोक आरपार झालं, पाइप बसला, त्यातून वायर आत गेली. भोवतालची जागा आरसेवाल्यांनी बोटाने लिंपली, थापीने घोटली, आणि ओली असतानाच त्यावरून तळहात फिरवून नाक मुरडलं. पूर्वीसारखं जमलं नव्हतं.

दुपारी इस्पितळाचा कॉल आला. सुनेने कानाला हेडफोन लावले, दार लावलं. आरसेवाले बाहेर बसले. इतके दिवस चित्र गोठलं की आतून आवाज यायचे, टेबलावर थाप, "अरे चल ना!", खुर्चीची करकर. त्या आवाजांनीच बाहेर कळायचं, पुन्हा बिनसलं. आता कान लावून बसले तर आत काहीच नाही. नुसती मोकळी शांतता.

"बंद पडलं वाटतं," ते अस्वस्थ होऊन पुटपुटले.

"अहो, ती हातांनी बोलते," सासूबाई म्हणाल्या. "नीट चाललंय म्हणूनच शांत आहे."

ते ऐकत राहिले. शांतता तुटली नाही. मधेच कधीतरी पेशंटचा प्रश्न डॉक्टरांना सांगणारा सुनेचा स्पष्ट, सलग आवाज आला, "त्या विचारतायत, बाळ ठीक आहे ना?" आणि पुन्हा सगळं शांत.

सासूबाई उठल्या, कपाटावरचं घड्याळ हातात घेऊन पुसू लागल्या. "मी काय म्हणते, आता भिंतीला भोक पडलंच आहे, तर..."

"अजिबात नाही," आरसेवाले म्हणाले. "भोक पोरीच्या कामासाठी आहे. घड्याळ बसूनही वेळ दाखवतं."