तिसरं ‘नको’

शेवटच्या शुक्रवारी सायमा हाउतालाच्या हातात एक कागद आला. वर छापलं होतं, ‘आपण करत असलेली कामे लिहा.’ खाली मोजून दहा ओळी. बत्तीस वर्षांना दहा ओळी! तेवढ्या ओळींत तर नवऱ्याच्या घोरण्याचीही तक्रार मावली नसती, असं तिला वाटलं.

कारण साधंच होतं. आमच्या खाणगावच्या हॉस्पिटलनं ठरवलं होतं की यापुढे वॉर्डात फक्त मोठ्या नर्सेस, कॉलेजात शिकलेल्या. सायमासारख्या एका वर्षाचा कोर्स करून परवाना मिळवलेल्या, ज्यांना सगळे एलपीएन म्हणतात, त्यांनी तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात जावं, नाहीतर घरी बसावं. वृद्धाश्रमात तिला जागा मिळाली होती, पगारातही फारसा फरक नव्हता. पण तिला वेगळंच काही हवं होतं. आपल्यावाचून इथं काहीतरी अडेल, असं कोणीतरी एकदा म्हणावं, एवढंच. तसं कोणी म्हणालं नव्हतं. सोमवारपासून नुसते निरोपाचे केक आणत होते.

कागद आणून दिला होता जोन प्रेस्कॉटनं. जोन वॉर्डाची मुख्य नर्स. तीही आता साठीला टेकलेली.

“ह्यात काय लिहू गं?” सायमानं विचारलं.

“करतेस ते लिही. नव्या पोरींना उपयोगी पडेल,” जोन म्हणाली आणि फोन वाजला म्हणून गेली.

सायमा चहाकॉफीच्या खोलीत जाऊन बसली आणि पेन्सिलीला थुंकी लावून लिहू लागली. ताप, नाडी, रक्तदाब घेणे. अंग पुसणे. माणूस पलंगावर असतानाच त्याच्या खालची चादर बदलणे. जखमेची पट्टी बदलणे, लघवी मोजणे, भरवणे, गोळ्या देणे, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवणे. आणि जे काही दिसेल ते मोठ्या नर्सला सांगणे. हे शेवटचं लिहून ती थांबली. रक्त चढवायचं नाही, शिरेत औषध द्यायचं नाही, डॉक्टरला स्वतः फोन करायचा नाही. बघायचं आणि सांगायचं. सगळा जन्म बघण्यात आणि सांगण्यात गेला, आणि ऐकणारा ऐकेलच याचा काही नेम नाही.

बघायला ती शिकली होती ते एका चुकीतून. सत्तावन्न साली, नर्सच्या टोपीला इस्त्री करण्यातच सकाळ जायची त्या दिवसांत, हिल्मा काउप्पी नावाची म्हातारी मांडीचं हाड मोडून आली. कोर्समध्ये शिकवलं होतं, पेशंटला विचारा, नको म्हणाला तर त्याचा मान राखा आणि लिहून ठेवा. सायमानं विचारलं, “आजी, दुखण्याची गोळी देऊ?” हिल्मा म्हणाली, “नको गं, कशाला.” सायमानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘गोळी नाकारली.’ दिवसभरात चार वेळा हेच. दुसऱ्या दिवशी म्हातारीची मुलगी आली आणि सरळ सायमाच्या आईच्या घरी जाऊन उभी राहिली.

“तुझ्या लेकीला काही वळण लावलंस की नाही? माझी आई रात्रभर उशी चावत पडली होती. म्हणते, पोरीनं दर वेळी एकदाच विचारलं!”

आईनं त्या रात्री सायमाला जेवायला वाढलं आणि वाढता वाढता धुऊन काढलं. “फिन लोकांच्या घरात जन्मलीस ना? पाहुणा पहिल्यांदाच हो म्हणतो का कधी?”

बरोबरच होतं. आमच्या फिन लोकांत कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, आणि तिसऱ्यांदा, “एवढं म्हणताच आहात तर अर्धा कप,” म्हणून तीन कप प्यायचे. पहिल्या झटक्याला हो म्हणणारा माणूस हावरट. सायमाला हे आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं, आणि पांढरा गणवेश चढवताच ती ते साफ विसरली. पांढऱ्या कपड्यातल्या मुलीला हिल्मा ‘दे बाई’ म्हणेल, हे तिला कसं वाटलं कोण जाणे. हिल्मा पुढे बरी झाली, चालत घरीही गेली, पण ती उशी सायमाच्या मनातून कधी गेली नाही. तेव्हापासून गोळी असो, पाणी असो, कॉफी असो, ती तीनदा विचारायची.

जोन आली सदुसष्ट साली, डुलुथहून, मोठ्या शहरातून. कामाला चोख, आवाज खणखणीत, आणि आकड्यांवर गाढ श्रद्धा. सायमाचं तीनदा विचारणं बघून म्हणायची, “मिसेस हाउताला, वॉर्ड आहे की लिलाव?”

आणि मग एकोणसत्तरच्या मार्चमध्ये ताइस्तो साल्मेला आला. एकाहत्तर वर्षांचा, खाणीतून निवृत्त. साउनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीच्या, छपरावरचं बर्फ काढताना खाली पडला आणि डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या. वॉर्डात आल्यावर पहिलं वाक्य, “छप्पर ठीक आहे.” दोन दिवस सायमानं त्याला कॉफी दिली, दोनदा नको आणि तिसऱ्यांदा अर्धा कप, असं रीतसर. साखरेचा खडा दातात धरून तो बशीतून कॉफी ओढायचा, आणि त्या भुरक्यानं शेजारचा इटालियन वैतागायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती थर्मास घेऊन गेली.

“कॉफी, ताइस्तो?”

“नको.”

“ताजी आहे.”

“नको, पोरी.”

“वेलदोड्याचा पावही आणलाय घरून. घ्या की थोडी.”

ताइस्तो छताकडे बघत होता. “नको,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “डावा खांदा आखडलाय. उशी वाकडी होती वाटतं.”

सायमानं थर्मास खाली ठेवला. नाडी पंच्याण्णव, रक्तदाब एकशे अठरा. कोणालाही आवडावा असा रक्तदाब. पण दोन्ही दिवस तो दीडशेच्या वर होता, आणि तो तिनंच घेतला होता. ती तडक जोनच्या टेबलाशी गेली.

“साल्मेलाला बरं नाहीये. डॉक्टरांना बोलवा.”

जोननं तक्ता पाहिला. “एकशे अठरा? माझ्यापेक्षा चांगलाय. काय होतंय त्याला?”

“कॉफी नको म्हणाला.”

“मिसेस हाउताला.”

“तिसऱ्यांदा नको म्हणाला!”

जोननं चष्मा काढला. “मी रविवारी सकाळी डॉक्टर ब्रँटना उठवून सांगू, की म्हाताऱ्याला कॉफी नकोय? ते मला खुळ्यात काढतील.”

दुसरी कोणी असती तर ‘सांगितलं’ असं लिहून गप्प बसली असती. तिचं काम तिथं संपत होतं. पण सायमाला उशी चावणारी हिल्मा दिसली. ती जागची हलली नाही. “मग तुम्हीच येऊन विचारा त्याला. तीनदा.”

काय वाटलं कोण जाणे, जोन उठली. पलंगाशी उभी राहून वैतागत तिनं विचारलं, कॉफी घेता का? नको. घ्या थोडी? नको. तोवर सायमानं पट्टा बांधून रक्तदाब पुन्हा घेतला होता. तिनं आकडा मोठ्यानं सांगितला. “अठ्ठ्याण्णव. नाडी एकशे सोळा.”

जोननं तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती फोनकडे पळाली.

पडताना ताइस्तोची प्लीहा दुखावली होती, आणि ती त्या सकाळी आतल्या आत फुटत होती; खांद्याचं दुखणंही उशीचं नव्हतं, तिचंच होतं. डॉक्टर ब्रँट चर्चचा सूट घालूनच आले. पोट उघडलं तेव्हा आत लिटरभराच्या वर रक्त होतं. आणखी तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं, असं ते नंतर म्हणाले. जोनला म्हणाले, “शाबास, वेळेवर ओळखलंस.” जोन लालबुंद झाली आणि म्हणाली, “मी नाही, हाउतालानं.” डॉक्टरांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी ताइस्तोला कॉफीची परवानगी मिळाली. नको. नको. “एवढं म्हणतेसच तर अर्धा कप.” सायमानं बशी काठोकाठ भरली. तो माणूस त्यानंतर अकरा वर्षं जगला आणि दर मार्चला छपरावर चढला, मूर्ख कुठला.

जोननं तेव्हापासून सगळ्यांनाच तीनदा विचारायला सुरुवात केली. बिचाऱ्या इटालियन माणसानं पहिल्यांदाच हो म्हटलं तरी तिचा पाढा पुरा व्हायचा. वॉर्ड हसायचा. ते दिवस आठवून सायमा आता एकटीच हसली. कागदावर नऊ ओळी भरल्या होत्या. दहावी तिनं रिकामी सोडली. तीनदा विचारणे, हे काय काम म्हणून लिहायचं? वाचणारी पोरगी हसेल.

दार ढकलून जोन आत आली, हातात दोन कप. “सगळे केकपाशी खोळंबलेत. कॉफी घेतेस?”

“नको,” सायमा म्हणाली.

“ताजी केलीये.”

“नको गं.”

जोन कप पुढे धरून उभी राहिली. “सायमा, घे ना थोडी.”

सायमा खिडकीकडे बघत होती. “नको,” ती म्हणाली.

जोननं दोन्ही कप खाली ठेवले. मागे वळून दार लावलं, खुर्ची ओढून शेजारी बसली आणि सायमाचं मनगट हातात घेऊन नाडीवर दोन बोटं ठेवली.

“हे काय? मला काही झालेलं नाही.”

“गप्प बस. मोजतेय.”

मग सायमा रडली, बत्तीस वर्षांत वॉर्डात एकदाही रडली नव्हती तशी. जोननं मनगट सोडलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं दुसऱ्या हातानं कागद ओढला, पहिल्यापासून वाचला, पेन्सिल उचलली आणि दहाव्या ओळीवर लिहिलं, ‘प्रत्येक गोष्ट तीनदा विचारणे. तिसरं नको खरं असतं. लगेच मोठ्या नर्सला सांगणे.’ मग तिनं समासात, जागा नव्हती तिथं, बारीक अक्षरात आणखी लिहिलं, ‘आणि मोठ्या नर्सनं ऐकणे.’

सायमानं डोळे पुसून ते वाचलं. कॉफी निवली होती.

“गरम करून आणू?” जोननं विचारलं.

“नको.”

“आणते ना.”

“कशाला तुला त्रास.”

“सायमा हाउताला, आणू का?”

“एवढं म्हणतेसच,” सायमा म्हणाली, “तर अर्धा कप.”