मावसाजींचं अम्यूझमेंट पार्क

परक्यांच्या उलट्यांसाठी जेवण अर्धवट टाकून उठणारा माणूस उभ्या भिलाईत एकच: माझे मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान. त्यांचं आयुष्य स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सांभाळण्यात गेलं. निवृत्तीनंतर स्मृति नगरच्या घरात ते पार सुकत चालले, तेव्हा मुलीने कॉम्प्युटरवर एक गेम लावून दिला. रिकाम्या मैदानावर पाळणे, दुकानं, संडास उभारायचे आणि येणारी गर्दी खूश ठेवायची. मुलीला वाटलं, विरंगुळा होईल. मावसाजींना वाटलं, पोस्टिंग झालं!

गेम थांबवायचं बटण होतं, पण त्याला ते शिवत नसत. "भट्टी कदी पॉज होते का बे?" असं मलाच विचारत. त्यामुळे ते आंघोळीला गेले की पार्कवर मावशीची ड्यूटी लागे. एकदा मी पोहे खात असताना ते ओरडले, "झुला अटकला! वरती लोकं हायेत!" मी खरंच समजून बशी टाकून अंगणात धावलो. परत येऊन पाहतो तर मावसाजी रणांगणावर फौज हलवावी तसे झाडूवाले हलवत होते. "झुल्याजवळ समोसे इकले, तिथंच माहं चुकलं," ते हळहळले. "सारे ओकून राहिले."

एका दुपारी पडद्यावरच्या पिवळ्या शर्टवाल्याला बाहेरची वाट सापडेना. मावसाजींनी ताट सारून त्याच्यासाठी नवा रस्ता बांधला, वर एक बाकही ठेवला. "थकला असन बिचारा." मावशी निवत चाललेल्या पोळ्यांकडे पाहत म्हणाली, "त्याच्यासाठी बाक मांडला. मले कदी झुल्यात तरी बसवलं का तुमी?"

मावसाजींनी सारलेलं ताट परत पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आम्हा दोघांना मैदानात भरलेल्या मीनाबाजाराच्या जत्रेत घेऊन गेले. आधी त्यांनी रांग सरळ केली, पाळणेवाल्याला ग्रीसवर व्याख्यान दिलं, आणि मगच आम्ही आकाशपाळण्यात बसलो. खाली माणसं चढत होती, म्हणून पाळणा अगदी वर थांबला. दूरवर प्लांटचे दिवे लागले होते.

"तुमची मिल कोनती?" मावशीने विचारलं.

मावसाजींनी बोट दाखवलं. "त्या चिमनीच्या बाजूले."

मावशी बराच वेळ तिकडे पाहत राहिली.

"एवढी जवळ?" ती म्हणाली. "मले वाटे, लई दूर हाये. तुमाले घरी याले केवढा वेळ लागे."

 पाळणा हलला, तेव्हा मावसाजींनी हळूच तिचा हात धरला.