‘तांबारणे’चं पाचवं कार्ड

मंगळवार, ९ मार्च. सकाळी पावणेसातला वन्सं गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. डॉक्टर साडेसातला आले. शब्दकोश कार्यालयातले दोघे अर्धा तास बसून गेले. ऊन कडक. चारपर्यंत सगळं आटोपलं.

रोज वही लिहायची सवय मला शाळेतल्या सिस्टरांनी लावली. काय घडलं ते लिहा, काय वाटलं ते देवाला सांगा, असा त्यांचा नियम होता. आज मात्र वहीतल्या वरच्या ओळींनी भागत नाही, म्हणून हे वेगळ्या कागदांवर.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. त्यांनी एकोणचाळीस वर्षं शब्दकोशासाठी कार्डं लिहिली. एक शब्द, तो ज्यात वापरला आहे असं एक वाक्य, एक कार्ड. वाक्य पुस्तकातलं असेल तर पान क्रमांक टाकायचा, कोणाच्या तोंडचं असेल तर बोलणारा कोण, कुठे, कधी ते. मुख्य संपादकांचा दंडक होता की कानावर पडलेलं वाक्य तिथेच, दुसरं काहीही करण्याआधी लिहायचं. “तासाभराने लिहिलंत तर ते तुमचं वाक्य, बोलणाऱ्याचं नव्हे,” असं ते म्हणत. त्यामुळे वन्संच्या पिशवीत कायम कोरी कार्डं असायची. एकदा शेजारचं भांडण सोडवायला गेल्या आणि दोन्हीकडच्या शिव्या लिहून घेऊन परत आल्या. भांडण चालूच होतं. यजमान म्हणायचे, “ताईसमोर जांभईसुद्धा जपून द्यावी लागते.”

लग्नाचं कोणी काढलं की त्या सांगत, “सध्या ‘च’ चाललाय. ‘ल’ यायला सोळा वर्षं आहेत.” पुढे ‘ल’ आला, तेव्हा विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

‘त’ चालू होता तेव्हाची गोष्ट. ‘तांबारणे’ म्हणजे तांबडं होणं. त्याची चार कार्डं जमली होती आणि चारही पुस्तकांतली. रागाने तांबारलेले डोळे, जागरणाने तांबारलेले डोळे, तांबारलेलं आभाळ, भट्टीत तांबारलेलं लोखंड. बोलण्यातलं एकही नव्हतं. विचारून काढून घेतलेलं वाक्य चालत नसे, आपोआप तोंडून यावं लागे. वन्सं आठवडाभर कान टवकारून फिरत होत्या. ज्याचे त्याचे डोळे लाल होत होते, तांबारत कोणाचेच नव्हते. पानं छापखान्यात जायचा दिवस उजाडला.

त्या सकाळी सासूबाई भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या आणि वन्संना म्हणाल्या, “डोळा तांबारलाय गं माझा. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत.”

वन्संनी उभ्याउभ्या कार्ड काढलं. सासूबाई आणखी काही सांगणार होत्या, तर म्हणाल्या, “थांब आई, परत बोलू नकोस, वाक्य बदलेल.” इतका फुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. लिहून झाल्यावर म्हणाल्या, “गार पाण्याच्या घड्या ठेव, मी संध्याकाळी येतेच.” आणि निघाल्या.

दुपारी सासूबाईंचं डोकं फुटायला आलं, उलट्या सुरू झाल्या. तीन वाजता मी त्यांना दवाखान्यात नेलं आणि वन्संना तिथेच बोलावून घेतलं. डोळ्यातला दाब वाढला होता. डॉक्टर म्हणाले, “सकाळी आणायचं होतंत.” डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच.

छापखान्यात पानं अजून जुळवायची होती. दुसऱ्या दिवशी वन्सं सासूबाईंच्या खाटेशी बसून म्हणाल्या, “आई, ते वाक्य मी काढून टाकते.”

“डोळा गेला, आता वाक्यही घालवतेस?” सासूबाई म्हणाल्या. “राहू दे. एवढ्या जाड पुस्तकात माझं एवढं तरी असेल.”

ते राहिलं. खाली बारीक अक्षरांत ‘वृद्ध गृहिणी, घरी’ असं आहे. सासूबाई पुढे अकरा वर्षं जगल्या. आल्यागेल्याला तेच पान उघडायला लावायच्या. तेवढा वेळ वन्सं गॅलरीत जाऊन उभ्या राहत. त्या दिवसानंतर त्यांनी घरात एकही कार्ड लिहिलं नाही. पिशवी दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवूनच आत येत.

यजमान गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. गेल्या बुधवारी वन्संनी मला खाटेशी बसवलं.

“तुझी त्या वर्षीची वही आहे ना? त्यात बघ, मी आईच्या डोळ्याकडे पाहिलं होतं का. मला कार्ड आठवतं, शाई आठवते. तिचा डोळा काही केल्या आठवत नाही.”

मी वही आणली. ती नोंद मला पाठ होती. वन्संनी पाहिल्याचं तिच्यात नव्हतं. मी चष्मा लावला आणि वाचल्यासारखं केलं, “वन्संनी पापणी वर करून आईंचा डोळा नीट पाहिला, मग कामावर गेल्या.”

त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं. “हे आत्ताचं आहे,” म्हणाल्या. “‘नीट’ हा शब्द त्या दिवशी कोणी लिहिला नसता. चल, आहे तसं वाच.”

मग मी आहे तसं वाचलं. “सासूबाईंचा उजवा डोळा लालभडक, बाहुली डाव्यापेक्षा मोठी. वन्सं नऊला गेल्या. पडदे धुतले.”

“म्हणजे तू पाहिलं होतंस.”

“हो.”

“बाहुलीसकट.”

“हो.”

“आणि पडदे धुतलेस.”

मी वही मिटली. सासूबाईंनी वन्संना सांगितलं होतं, मला नव्हे, एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली होती. दवाखान्यातून परतताना रिक्षात वन्सं “माझ्यामुळे, माझ्यामुळे” म्हणत होत्या, तेव्हाही मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत गप्प बसले होते.

“कधी बोलली नाहीस,” त्या म्हणाल्या. “मी आपली एकटीच...” पुढचं त्यांनी गिळलं. मग पाणी मागितलं. मी पाजलं.

त्यानंतर पुन्हा तो विषय निघाला नाही. काल संध्याकाळी अचानक म्हणाल्या, “पडदे कोणते गं? निळे का?”

“निळे.”

“हं. वाळत घातलेले आठवतात,” म्हणाल्या, आणि माझा हात उशाशी ओढून घेऊन झोपल्या. माझा हात मुंग्या येईतो तिथेच होता.

आज वहीत शेवटची ओळ लिहिली ती अशी. वन्संच्या खोलीतला बल्ब काढून जिन्यात लावला, तिथला महिनाभर गेलेला होता.